डावा हात वर गेला तेव्हा

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. पण साधीसुधी नव्हे, दातांच्या डॉक्टरांची. पळू नका! माझ्याकडे नुसतं बघून भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, आणि त्याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलं आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझं हिरवं रेक्झिन कसं चकचकत होतं! डॉक्टरांनी लहान मुलासारखं मला चार वेळा वरखाली करून पाहिलं. माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत, "दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबतो." उघड्या तोंडाने बोलणार कसं? म्हणून ही खूण.

त्यांच्या हाताखाली एक मदतनीस होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. लाळ ओढणारी नळी धरायची, दिवा सरकवायचा आणि कुणी घाबरलं की हळूच गुणगुणायचं, हे त्यांचं काम. गाणं ठरलेलं, एका मोठ्या गायकाचं. ताईंच्या वडिलांची, अण्णांची, आजारपणात वाचा गेली होती. पाणी हवंय हेसुद्धा त्यांना सांगता येत नसे. पण रेडिओवर हे गाणं लागलं की अण्णा सूर लावायचे, चक्क शब्दांसकट. अण्णा गेल्यावर ताई डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, ते गायक कधी भेटले ना, तर एवढं एकच त्यांना सांगायचंय.

आणि एके दिवशी ते गायक खरंच आले. दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजला होता. ताईंच्या हातून ट्रे पडता पडता वाचला. मनात केवढं साठलेलं, आणि तोंडातून निघालं काय, तर "चूळ भरा." त्यांनी निमूटपणे भरली. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मशीन सुरू केलं. गायकांनी भीतीने माझे दोन्ही हात घट्ट धरले. ताई सवयीने गुणगुणू लागल्या, तेच गाणं. हळूहळू गायकांची पकड सैल झाली आणि त्यांची बोटं माझ्या डाव्या हातावर ताल धरू लागली. काय सांगू, मला आजवर लोकांनी फक्त नखं रुतवली होती! तेवढ्यात मशीन थांबलं. त्या शांततेत ताईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. आपण कोणासमोर काय गातोय हे कळताच त्यांनी जीभ चावली. गाणं थांबलं. मग बोटं थांबली. क्षणभर गायकांनी वाट पाहिली. मग डावा हात वर गेला आणि बोट ताईंकडे वळलं.

डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. ताईंना वाटलं, आपलं बेसूर गाणं त्यांना सहन झालं नाही. त्या कानापर्यंत लाल झाल्या.

जाताना गायक त्यांच्यासमोर थांबले. काहीतरी सांगू पाहत होते, पण ओठ वळेनात. नुसती फसफस आणि लाळ. ओशाळून त्यांनी तोंडाला रुमाल लावला. ताई मान खाली घालून म्हणाल्या, "बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका." झालं! दाढ बरी झाली, मग दातांच्या डॉक्टरांकडे परत कोण कशाला येतंय?

त्यानंतर ताई दवाखान्यात कधी गुणगुणल्या नाहीत. आता तिथे नवी खुर्ची आहे आणि मी मागच्या खोलीत पडून आहे. रेक्झिन फाटलंय, आतला स्पंज डोकावतोय. दुपारी ताई जेवून माझ्यावरच टेकतात. त्यांचा हात नेमका त्या ताल धरलेल्या जागी असतो. रेडिओवर ते गाणं लागलं की उठून बंद करतात. माझा जीव तुटतो, मित्रांनो. मला दोन हात आहेत, पण एकही वर करता येत नाही.

मला भंगारात काढू नका, असं म्हणायला मी बोलत नाहीये. काढा खुशाल. पण तुमचा दात दुखला आणि तुम्ही त्या दवाखान्यात गेलात, तर तोंड बधिर व्हायच्या आधी ताईंना एवढं सांगा, की त्यांचं गाणं थांबलं म्हणून त्या गायकांनी हात वर केला होता.