डोमाजींची साखर

देवळीत डोमाजींचं किराणा दुकान चाललं, तशी घरातून ज्वारीची भाकर गेली. त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, ती पुन्हा चुलीजवळ येऊ दिली नाही. सून आल्यावर तर प्रश्नच मिटला. शेजारीण सहज डोकावली तर सुनेच्या ताटात तुपाने न्हालेल्या पोळ्या दिसल्या पाहिजेत, एवढा त्यांचा साधा हिशेब. हिंगणीहून आलेल्या सपनाचं पोट लग्नानंतर दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी मायेने आणखी एक पोळी वाढली.

पोट मात्र मोठं बेइमान. माहेरी गेलं की गप्प, सासरी आलं की सुरू. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मोठा आजार काही निघाला नाही. यशोदाबाईंना हेच जास्त लागलं. आजार नाही, म्हणजे पोरीला आपलं घरच पचत नाही, आणि उद्या हिंगणीवाले तेच चारचौघांत बोलणार.

म्हणून काही काही पदार्थ ज्यांना सोसत नाहीत अशांचं वर्ध्याला सहकुटुंब आहार शिबिर आहे असं कळलं, तेव्हा त्या तयार झाल्या, पण मुलाला, योगेंद्रला, आधीच बजावून ठेवलं, "तिथं काई समजलं नाई, तर तिकडूनच तिले हिंगणीले सोडून येजो. बरी झाली का आणू." अशा गेलेल्या बायका कधी परत येतात ते सपनाला ठाऊक होतं. तिने पाच दिवसांच्या शिबिराला सगळ्या साड्या भरून घेतल्या. मोठी बॅग पाहून कोणी काही विचारलं नाही, यातच सगळं आलं.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आहारतज्ज्ञ नंदिनी मॅडमचा नियम असा, की जे रुग्णाचं ताट तेच घरच्यांचं. आधी भाकर, भात, मुगाचं वरण, साध्या भाज्या. मग शेवटी एकेक पदार्थ परत देऊन पाहायचा. डोमाजींनी पहिल्याच जेवणात तीन भाकरी संपवल्या, पथ्य फार कडक आहे अशी तक्रार केली आणि चौथी मागितली. सपनाचं पोट तीन दिवस शांत होतं. रंगही उजळला. यशोदाबाईंचा तेवढा उतरला, कारण इथलं पचतं म्हणजे घरचंच वाईट ठरत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सपना गादीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली.

यशोदाबाईंना आधी हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. इथंही दुखलं, म्हणजे घर दोषातून सुटलं. नंदिनी मॅडमनी सपनाला विचारलं, ताटाबाहेरचं काही खाल्लं का? सपनाने सासूकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं. नाही म्हटल्यावर कारण सापडणार नव्हतं, आणि कारण सापडलं नाही की बॅग हिंगणीलाच जाणार होती. तरी ती नाही म्हणाली.

यशोदाबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि मॅडमपुढे ठेवला.

"मी देल्ला सकाळी," त्या म्हणाल्या. "हिच्या पोटासाठी देवाले बोलली होती. इथल्या देवळातला शिऱ्याचा परसाद व्हय. परसाद काई जेवणात धरत नाई आमी."

"शिरा रव्याचा ना, आई?" मॅडमनी विचारलं. "आणि रवा कशाचा?"

उभी हयात रवा विकण्यात घालवलेले डोमाजी छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

"गव्हाचा," यशोदाबाईच म्हणाल्या.

मॅडम रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या उलट हसल्या. उद्या गहू देऊन पाहणारच होतो, म्हणाल्या, तुम्ही एक दिवस आधी दिला. माहेरी भाकर, सासरी पोळी. दोष घराचा नाही की पोरीचा नाही, गहू सोसत नाही एवढंच. तपासण्या बघितल्यात, घाबरण्यासारखं काही नाही. गहू बंद ठेवा आणि महिन्याने दाखवून जा.

यशोदाबाईंनी सपनाजवळ बसून तिचे पाय चेपायला घेतले. सपना संकोचून उठू लागली.

"पडून राह्य," त्या म्हणाल्या. "माह्यं नाव काऊन नाई घेतलं?"

"तुमी आशेनं देल्ला होता, आई."

यशोदाबाईंनी आपली उशीही तिच्या डोक्याखाली सरकवली.

शिबिर संपल्यावर बस स्टँडवर योगेंद्र बॅगेजवळ घुटमळत उभा होता; आईला विचारायची हिंमत नव्हती. देवळीची बस लागली तशी यशोदाबाईंनीच ती मोठी बॅग उचलली आणि आत चढल्या. सपना मागोमाग चढली आणि खिडकीशी बसून तिने कितीतरी महिन्यांचा श्वास सोडला.

बस गावाबाहेर पडली, तेव्हा यशोदाबाईंना खरी अडचण आठवली. सुनेला भाकर वाढली तर शेजारी काय म्हणतील? त्यांनी विचार केला आणि पुढच्या सीटवरच्या नवऱ्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"लोकायले सांगू, तुमाले शुगर निघाली. म्हणून घरात सगळ्यायले भाकर."

डोमाजींना साखरेचा कसलाही त्रास नव्हता. त्यांनी क्षणभर हिशेब केला: एका बाजूला खोटा आजार, दुसऱ्या बाजूला रोजची भाकर आणि ठेचा.

"निघाली म्हण," ते म्हणाले. "पण घरात माह्या चहातली कमी नको करजो."

सपना हसली. देवळीच्या वाटेवर तिला हसताना योगेंद्रने पहिल्यांदाच पाहिलं.