काळ्या तावदानांची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे; पण मधली काही वर्षे मी नुसती भिंत होते.

सातपूरला, त्र्यंबक रस्त्याच्या कडेला, पंपांच्या विजेच्या मोटारी बनवणारा एक लहान कारखाना आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत मी बसले आहे. गोरक्ष सुताराने मला सागातून घडवले. तावदाने बसवून झाल्यावर त्याने बाहेर पाहिले आणि माझ्या चौकटीवर थाप मारून तो म्हणाला, "नशीबवान हायेस. समोर आख्खा अंजनेरीचा डोंगर!"

एकाहत्तर साली युद्ध पेटले. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून माझ्या तावदानांना काळा रंग फासला गेला. मला त्याचे वाईट वाटले नाही. ते दिवसच तसे होते. युद्ध लवकर संपले. रंग मात्र तसाच राहिला. तो काढणे कोणाचेच काम नव्हते. आत दिवसाही दिवे जळू लागले आणि माझ्या मुठीला बायका डब्याच्या पिशव्या अडकवू लागल्या.

पुढे काही वर्षांनी लंकाबाई कामावर आली. नवऱ्याला दमा असल्यामुळे घर तिच्याच पगारावर चालायचे. केसाएवढ्या तांब्याच्या तारेची वेटोळी यंत्रावर गुंडाळायची, हे तिचे काम. हात जरा ताठरला की तार तुटते. लंकाबाई मनाने धास्तावलेली, म्हणून हात ताठर आणि म्हणून तार सारखी तुटायची. फोरमन रंगनाथअण्णांनी तिला बजावले होते, "दिवाळीपर्यंत हात बसला तर कायम. नाहीतर दुसरीकडे बघ, बाई."

तिच्या शेजारी कलाबाई बसायची. तिच्या पिशवीतला पितळी डबा रोज घासून घासून माझ्या एका तावदानाचा रंग थोडा उडाला. एका दुपारी लंकाबाईने तिथे डोळा लावला. मग बांगडीने हळूहळू खरवडून तिने तळहाताएवढी काच मोकळी केली. कित्येक वर्षांनी माझ्यातून ऊन आत आले!

भाद्रपद चालू होता. अंजनेरी हिरवागार होता आणि त्याच्या अंगावरून ढगांच्या सावल्या सावकाश सरकत होत्या. लंकाबाई क्षणभर पाही आणि पुन्हा यंत्राकडे वळे. तिचे आवळलेले खांदे सैल झालेले मला दिसत.

एके दिवशी हातात चहा घेऊन फिरताना अण्णांना ती काच दिसली.

"हा रंग कोणी खरवडला?"

"अण्णा, लढाई कवाच संपली," कलाबाई म्हणाली. "तुमाला कोणी कळवलं नाय का?"

बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत. "तोंड चालतं तसे हात चालव, कले. उद्या रंगाचा डबा आणून मीच बंद करतो. बाहेर बघत बसलं तर तार तुटणारच."

लंकाबाई उठून उभी राहिली. तिने वेटोळ्यांची पाटी पुढे सरकवली. "अण्णा, माझी तार आता तुटती कुठं? तुमीच बघा की."

अण्णांनी तिच्या पाटीतली वेटोळी उलटसुलट करून पाहिली. त्यांत नाव ठेवायला जागा नव्हती.

"जीव घाबरला की जरा बघते. हात सैल पडतो," ती म्हणाली. "माझा डोंगर हाय तो."

"तुझा कधीपासून?"

"त्याच्या पायथ्यालाच राहते ना मी! पण तिथं कवा दिसतो? अंधारात पाणी भरायचं, पहिली एस.टी. धरायची, घरी जावं तर पुन्हा अंधार. जलम गेला त्याच्याखाली, पण तो दिसला हितं."

 अण्णा वाकले आणि त्यांनी काचेला डोळा लावला. एक सावली माथ्यावरून उतरली, उतारावरून घसरत शेतांत गेली आणि मागे पुन्हा उन्हात न्हालेला डोंगर उरला. अण्णांच्या हातातला चहा निवून गेला. सरळ होत ते एवढेच म्हणाले, "उद्या डबा आणतो."

त्या संध्याकाळी लंकाबाईने पदराने माझी काच पुसली आणि ती बराच वेळ तिथे उभी राहिली.

सकाळी अण्णा डबा आणि जुने धोतर घेऊन आले. सगळ्या बायकांची यंत्रे थांबली. अण्णांनी झाकण उघडले, आणि मला वास आला. तो रंगाचा नव्हता, घासलेटाचा होता.

"बघता काय? हात लावा," ते गुरगुरले. "एकट्याने कधी निघायचं हे सगळं?"

दिवाळीत लंकाबाई कायम झाली. आज, अठ्ठ्याऐंशी साली, माझ्यासमोर नव्या शेड उभ्या आहेत आणि अंजनेरीचा फक्त माथा दिसतो. तेवढाही पुरतो. माझ्या चौकटीच्या कोपऱ्यांत थोडा काळा रंग अजून आहे. तोही आता मला सलत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादी खिडकी असेल. तिच्यावरची धूळ पुसा. तिच्यापुढे कपाट ठेवू नका. आणि काम करता करता जीव घाबरा झाला, तर क्षणभर तिच्यापाशी येऊन उभे राहा. आम्ही खिडक्या फार काही मागत नाही. कोणीतरी आमच्यातून बाहेर पाहावे, एवढेच.