धोंडा कोणी फिरवला?

जळकोटच्या पलीकडच्या त्या गावात देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. पटकीनं घराघरातून माणसं नेली होती, आणि दोषी कोण ते आज कौलाचा धोंडा सांगणार होता. धोंडा हंड्याएवढा, गुळगुळीत. चार मानकऱ्यांनी त्यावर हात ठेवायचे, पुजाऱ्यानं विचारायचं. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. निजामी संपून वर्ष झालं होतं, पण गावात राज्य या धोंड्याचंच होतं.

"देवा मार्तंडा, तुला सगळं ठावं! पटकी मल्लम्माच्या पायगुणानं आली का?" बसप्पा पुजाऱ्यानं डोळे फिरवत विचारलं. धोंडा गरकन उजवीकडं वळला आणि लोकांनी भंडारा उधळला.

गौरा गर्दीत पुढंच उभी होती. मल्लम्मा तिची आई, तिची अव्वा. तिला गावाबाहेर नेऊन टाकायला बैलगाडी जुंपलेली होती, तीही कौल लागायच्या आधीपासून. देवालाही घाई झाली असावी. महालिंगप्पा पाटलाच्या गोठ्याचं घाण पाणी विहिरीत मुरतंय, हे मल्लम्मानं त्याला तोंडावर सांगितलं होतं. आता पाटलाची काठीवाली माणसं तिच्या दोन्ही अंगांना उभी होती. पाटील स्वतः चार मानकऱ्यांपैकी एक.

गौरा रोज आईबरोबर जात्यावर बसायची. एका खुंट्यावर दोघींचे हात असले की जिला तिला वाटतं, दुसरीच ओढतेय. तेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

"बसप्पाकाका, पुन्यांदा विचारा," ती पुढं झाली. "फकस्त हाताखाली तेल लावलेली नागवेलीची पानं ठिवा. धोंडा आपसूक फिरत आसंल तर पानांखालून बी फिरंल."

"देवाची परीक्षा बघतीस, पोरी?" पाटील म्हणाला. काठ्या हलल्या.

गावातल्या तरुणांनी वाचनमंडळ काढलं होतं. तिथं सगळं हात वर करून ठरायचं. ती पोरं गौरामागं येऊन उभी राहिली. "बघू द्या की, मालक," त्यांतला सोमलिंग म्हणाला. त्याची बहीण पटकीनं गेली होती, त्यामुळं त्याला गप्प करायला कोणी धजलं नाही.

समईतलं तेल लावून पानं ठेवली. बसप्पानं तोच प्रश्न विचारला. चौघांचे हात उजवीकडं गेले, पानं सर्रकन घसरली. धोंडा जागचा हलला नाही.

चार मानकऱ्यांतले म्हातारे हणमंतप्पा आपल्या तळव्यांकडं बघत राहिले. "म्या ढकललं न्हाय. मला वाटलं, त्योच फिरतुया."

"तुमी खरं बोलताय, अण्णा. एकानं मुद्दाम रेटलं, बाकीचे हात त्याच्यामागं गेले." गौरानं पाटलाकडं बघितलं. "हातच ठरवनार आसतील तर उघड वर करा. अव्वा गावात ऱ्हावी, विहीर उपसावी, गोठा हलवावा. कुणाकुणाला वाटतं?"

तिनं हात वर केला. मंडळातल्या पोरांनी केले. बाकी कोणी हललं नाही. पाटील एकेक चेहरा ध्यानात ठेवत होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मग हणमंतप्पांचा तेलकट हात वर गेला. त्यामागून बायांचे, मग बाप्यांचे. शेवटी पाटलाच्या एका माणसानं काठी खाली ठेवली, कारण हात मोकळा हवा होता.

वाचकहो, माणसाला गावाबाहेर काढणं दगडाला जमत नाही. ते आपल्या हातांनी होतं. आपला हात कोणाच्या मागं चाललाय, हे ज्याचं त्यानं वेळीच तपासून बघावं.