शीलाचा हळू आवाज

"काका, पाणी देऊ काय?" शीलानं अगदी हळू विचारलं.

खाटेवर रुग्ण होऊन पडलेला तिचा नवरा देवराव "हो" म्हणाला. नवऱ्याला काका म्हणताना तिला हसू फुटत होतं. पण परीक्षा तोंडावर आली होती, आणि सरावासाठी दुसरा रुग्ण आणायचा कुठून?

दिग्रसच्या जिनिंगमध्ये शीलाची अर्धी हयात गेली. कापसातली सरकी काढणाऱ्या रेचा यंत्रांच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच. देवरावही तिथंच फिटर होता. जिनिंग बंद पडली आणि दोघंही एकाच दिवशी घरी बसले. देवराव मिळेल ते काम करू लागला. शीलाला मात्र काम गेलेल्यांसाठीच्या सरकारी प्रशिक्षणात जागा मिळाली. शिकायचं होतं रुग्णांची देखभाल करायला. फी सरकार भरणार, बसचं भाडंही सरकारच देणार. पण हा खर्च एकदाच. पास झाली तर दवाखान्यात काम, नापास झाली तर पुन्हा जागा नाही.

पहिल्या दिवशी तिनं वर्गात "जय भीम" म्हटलं आणि शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. शिकवणाऱ्या विमलताई निवृत्त नर्स. त्या म्हणाल्या, "शीला, रुग्ण आजारी असते, बहिरा नसते." बाकी सगळं तिला झटपट जमलं. आवाजानं तेवढा घात केला होता, आणि बोलण्याला वेगळे मार्क होते.

मग तिनं घरातही हळू बोलायचं ठरवलं. तिसऱ्याच दिवशी शेजारची हंसाबाई काळजीनं दारात आली. घरातून आवाज नाही, म्हणजे भांडण तरी झालं असावं नाहीतर कोणी आजारी तरी असावं, असा तिचा अंदाज. शीलानं हळूच सगळं समजावलं, त्यामुळे तिची काळजी आणखीच वाढली.

तर आता सराव चालू होता. कूस बदलता काय? "हो." उशी वर करू काय? "हो." देवराव कूस काही बदलत नव्हता, नुसता गोड हसत होता. शीलाला गंमत सुचली. तेवढ्याच हळू आवाजात तिनं विचारलं, "दुसरी बायको करता काय?"

"हो," देवराव म्हणाला.

शीला पोट धरून हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, देवराव प्रत्येक प्रश्नाला नुसतं हो म्हणत होता. ती त्याच्या उशाशी बसली आणि जिनिंगमधल्या आवाजात म्हणाली, "तुमाले आयकू येत नाही काय?"

देवराव उठून बसला. "तुयं येते ना," तो म्हणाला. "बाकीच्याईचं आयकून काय करू?"

त्या दिवशी सराव पुढे झाला नाही. दवाखान्यात काम लागलं की आधी यांचे कान दाखवायचे, हे मात्र तिनं मनाशी पक्कं केलं.

परीक्षेला रुग्ण म्हणून एक थकलेली आजी होती. शीलानं तिला इतक्या हळुवार बोलत कुशीवर वळवलं की ऐकण्यासाठी परीक्षकांना पुढे सरकावं लागलं. आजीनं डोळे न उघडताच तिला आपली लेक समजून म्हटलं, "नलू, आता बरं वाटते." विमलताईंनी खिडकीकडे तोंड फिरवून नाक पुसलं.

निकाल लागला त्या दिवशी शीला बसस्टँडवरून जवळजवळ धावतच घरी आली. देवराव ओट्यावर बसला होता. हळू बोलायची नवी सवय आता अंगवळणी पडली होती. ती त्याच्यासमोर उभी राहून हळूच म्हणाली, "मी पास झाली."

"हो," देवराव गोड हसून म्हणाला.

शीलानं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि पोटातून आवाज काढला, "मी पास झाली हो!"

ओट्यावरची कोंबडी उडाली. हंसाबाई हातात उलथणं घेऊन बाहेर आली आणि शीलाचा आवाज परत आलेला बघून तिच्या जिवात जीव आला.

देवराव उठून उभा राहिला होता. डोळे पुसत तो म्हणाला, "कायले वरडून राह्यली वं? येते ना मले आयकू."