टॉवेल खांद्यावरच होता

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी डबिंग स्टुडिओच्या स्पीकरमधून ते वाक्य आलं: "टॉवेल माझ्या खांद्यावरच होता. मी मुद्दाम बाहेर उभी राहिले." पडद्यावर नायिकेची पाठ दिसत होती. आवाज डबिंग करणाऱ्या बाईचा होता. वाक्य पटकथेत नव्हतं.

समोर बसून ऐकणारी ती बाई खुर्चीतून उठली.

सिनेमातल्या आईला मूल छातीशी धरावंसंही वाटे आणि टाकून पळावंसंही. ती आई झालेल्या नायिकेची मराठी कच्ची, म्हणून तिचा आवाज या बाईनं दिला होता. महिन्यापूर्वी, दोन टेकच्या मधे, लाल दिवा विझलेला पाहून ती स्वतःशीच हे बोलून गेली होती. दिवा विझला तरी रेकॉर्डिंग चालूच ठेवायचं ही रेकॉर्डिस्टची जुनी खोड. ती तिला ठाऊक नव्हती.

"काढून टाका ते," ती म्हणाली.

"काय बोलताय ताई!" दिग्दर्शक हसला. "अख्ख्या सिनेमात तेवढंच एक वाक्य लिहिलेलं वाटत नाही. मला वाटलं, तुम्हाला जागच्या जागी सुचलं."

"तरी काढा," ती म्हणाली.

"फाइल सकाळीच थिएटरला गेली," वायर गुंडाळता गुंडाळता रेकॉर्डिस्ट पुटपुटला. "सहाचा खेळ त्याच फाइलवर आहे."

सहाच्या खेळाला काम करणाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. तिची नऊ वर्षांची मुलगी येणार होती. त्या मुलीच्या डाव्या भुवईत एक व्रण होता. सासूबाई त्याची हकीकत आल्यागेल्याला रंगवून सांगत: "आठ महिन्यांची होती. आई गेली टॉवेल आणायला, नि ही बया टबात कलंडली. नळावर आपटली म्हणून किंचाळली तरी!" मुलगी ते ऐकून दर वेळी खिदळायची.

किंकाळी ऐकून बाई आत धावली होती, हे खरंच. त्याआधी दाराबाहेर ती किती वेळ उभी होती, ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं घरी सासूबाईंना फोन लावला. "आई, तिला नका आणू. लहान मुलांचा सिनेमा नाहीये."

"आत्ता सांगतेस? नवा फ्रॉक घालून बसलीय सकाळपासून. माझं डोकं खाल्लंय नुसतं. घे, तूच सांग."

"आई," मुलगी फोनवर आली, "तुझा आवाज आला की मी तुझा हात दाबणार हं! बघू किती वेळा होतं."

बाईच्या तोंडून "बरं" एवढंच निघालं.

सहाला थिएटरमधले दिवे मालवले. मुलगी मधे, एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला आई. नायिकेनं तोंड उघडलं की इवलीशी बोटं आवळायची. पाच वेळा. अकरा वेळा.

"ई, किती ओला हात!" मुलगी कुजबुजली.

सहा बावन्नला नायिका न्हाणीघराबाहेर येऊन पाठमोरी उभी राहिली. वाक्य आलं. स्पष्ट, एकही शब्द न गाळता.

पलीकडे सासूबाईंची खुर्ची करकरली.

पडद्यावर मूल किंचाळलं. नायिका आत धावली आणि मुलाला हाका मारू लागली, बाईच्याच आवाजात.

मुलीचा हात अजून तिच्या हातात होता. तो दाबला जात नव्हता.