नीलम्माचे लाल तळवे

सास्तूरला नीलम्माच्या दारात सकाळपासून रांग लागली होती. तिचे तळहात-तळपाय कुंकवासारखे लाल झाले होते. बाया त्या तापलेल्या तळव्यांना कपाळ टेकवत होत्या.

"पाणी घाला गं, लई आग व्हतीय!" नीलम्मा कळवळली.

"खबरदार! देवी इझल!" धोंडप्पा महाराज गरजले. त्यांनी तिचा रक्ताचा रिपोर्ट उंचावला. "डेंगूत प्लेटलेट कमी हून माणसं मरत्यात. हिच्या नऊ लाख! चांगल्या माणसाच्या दुपटीनं जादा! कुणी दिल्या? लॅबवाल्यानं?"

जयजयकार झाला.

नीलम्माला जुना आमवात. त्या सुजेनंच प्लेटलेट वाढल्या असतील, असं डॉक्टरांना आधी वाटलं होतं. सोलापुरात हाडातला मगज तपासला, तेव्हा रक्ताचा वेगळाच आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या. महाराजांच्या शब्दावर मुलानं, उमाशंकरनं, त्या उकिरड्यावर फेकल्या. थोड्याच दिवसांत तळवे पेटले.

मग पायाचं एक बोट काळं पडलं. महाराजांनी त्याला शेंदूर फासला. "सोनारीचा काळभैरव आला!" उमाशंकर आईच्या पाया पडला, नारळ फुटू लागले.

सासूचं ओरडणं सून श्रीदेवीला ऐकवेना. तिनं तालुक्याहून डॉक्टर करिश्मांना आणलं. त्यांनी शेंदूर पुसला, तशी कुजका वास येऊन पुढची माणसं मागं सरली.

"हा भैरव नाही, मेलेलं बोट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जास्तीच्या प्लेटलेट बारीक नसांत अडकतात. म्हणून तळवे लाल होतात, आग होते. रक्त पोचलंच नाही, की बोट मरतं."

"खोटं! ही देवीय!" महाराज ओरडले.

"मग ॲस्पिरिनला भिणार नाही." डॉक्टरांनी नीलम्माला रक्ताची गुठळी न होऊ देणारी ती गोळी दिली आणि तिथंच बसून राहिल्या.

दुपार कलली तसे तळवे फिके पडले. आग निवली.

"देवी बाटली," पुटपुटत महाराज मोटारसायकलवर बसले. गर्दीही पांगली. नीलम्माला गाडीत घालायला कुणी थांबलं नाही.

सोलापुरात बोट कापलं. शेजारचंही गेलं.

रक्तात काय वाढलं ते तपासणीत कळतं, आणि त्यावर औषध आहे. दुखणाऱ्या माणसाला देव्हाऱ्यात बसवू नका, दवाखान्यात न्या.

उमाशंकर रडत आईच्या पट्टी बांधलेल्या पायाशी वाकला. "अव्वा, चुकलो गं."

नीलम्मानं पाय ओढून घेतला. "पाया पडू नगंस. आग व्हतीय म्हनत व्हते, तवाबी तू पायाच पडत व्हतास."