सगळ्यांच्या मापाचा कोट

मित्रांनो, माझ्या मापाचा माणूस अजून जन्माला आलेला नाही. मी एका महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटमधला जुना निळा कोट आहे. कोणाचा म्हणाल, तर कोणाचाच नाही. इथे कोट घातल्याशिवाय पुरुषांना जेवायला बसता येत नाही. प्रवासाला निघालेली माणसं सुटसुटीत कपड्यांत येतात आणि दारात अडतात. त्यांच्यासाठी मी आणि माझा जुळा भाऊ दाराजवळच्या खोलीत टांगलेले असतो.

आमचं कापड उत्तम लोकरीचं. माप कोणाचं घेऊ, असं शिंप्याने विचारलं तेव्हा मालक म्हणाले, सगळ्यांचं घ्या. त्यामुळे मी जाड्यांना पोटावर आवळतो आणि बारक्यांच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबतो. तरी सुरुवातीची वर्षं मी ऐटीत होतो. वाटायचं, आपण लोकांची अडचण झाकतो. पुढे ध्यानात आलं, की हा निळा रंग वाढपी लांबूनच ओळखतात. मला घातलेल्या माणसाला खिडकीजवळचं टेबल मिळत नाही, खांबाआडचं मिळतं. तेव्हापासून मला माझीच लाज वाटू लागली.

इथली आणखी एक पद्धत आहे. तुमच्याकडे कोट नाही, असं पाहुण्याला कधी म्हणायचं नाही. कपडे सांभाळणाऱ्या बाई हसतमुखाने मला त्याच्या खांद्यांवर चढवतात आणि एवढंच म्हणतात, "साहेब, हा आमच्याकडून." बहुतेकांना काय ते कळतं, आणि जेवून निघताना ते मला परत करतात.

एका संध्याकाळी एक निवृत्त बस कंडक्टर आले. सोबत त्यांची मुलगी होती. ती संशोधक. परिषदेसाठी या शहरात येताना तिने वडिलांनाही फिरायला आणलं होतं. तिच्या विभागप्रमुख मॅडम आत येऊन बसल्या होत्या. नवी प्रयोगशाळा कोणाच्या हाती द्यायची, हे त्या लवकरच ठरवणार होत्या, म्हणून मुलीचा जीव टांगणीला लागला होता. कोणता चमचा कधी उचलायचा ते तिने बाबांना वाटेत पढवलं होतं. कोट मात्र तिला सुचला नव्हता, कारण बाबांनी तो जन्मात घातला नव्हता.

"साहेब, हा आमच्याकडून," बाई म्हणाल्या, आणि कंडक्टरकाकांचा चेहरा उजळला. त्यांच्या डेपोत गणवेश एकदा हातात ठेवला की तो ज्याचा त्याचा. दिलेला कपडा कोणी परत मागितल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, परगावच्या पाहुण्याला ही भेट आहे.

माझ्या बाह्या त्यांच्या बोटांवर येत होत्या. त्या दुमडत ते मॅडमना म्हणाले, "बघा, पहिल्यांदाच आलो तर कोट दिला यांनी. जरा ढगळ आहे, पण घरी आमची ही घालेल दोन टाके."

मॅडम हसल्या. "शोभतो हो तुम्हाला," म्हणाल्या.

मुलीचे कान लाल झाले. एका वाक्यात ती बाबांना सांगू शकली असती. पण ते वाक्य मॅडमसमोर तिच्या तोंडून निघेना. ती घाईघाईने परिषदेबद्दल बोलू लागली. इकडे काकांनी वाढप्याला माझं अस्तर उलगडून दाखवलं, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना हात लावून पाहायला सांगितलं. माझ्या सगळ्या शिवणी तिथल्या तिथे उसवाव्यात, असं मला झालं.

तेवढ्यात एक तरुण प्रवासी माझ्या जुळ्या भावाला घालून आला आणि पलीकडे बसला. त्याच्याही बाह्या बोटांवर. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतका वेळ ते मला भरून बसले होते. आता त्यांचे खांदे आक्रसले आणि मी रिकाम्या खुर्चीवर टाकल्यासारखा झालो. त्यांनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. डाग पडू नये म्हणून रुमाल पार गळ्यापर्यंत ओढून घेतला.

मॅडम हात धुवायला उठल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

"आणि त्यांना?"

तिने समोरचा चमचा उगाच सरळ करून ठेवला.

"मग तेव्हाच सांगायचंस ना गं, कानात. मी सगळ्यांना दाखवत सुटलो."

ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पुढचं सगळं जेवण त्यांनी खाली मान घालून, पढवल्याप्रमाणे योग्य तो चमचा उचलून संपवलं.

निघताना त्यांनी मला स्वतःच अंगावरून उतरवलं. मुलगी मदतीला पुढे झाली, तर तिला हात लावू दिला नाही. कपडे सांभाळणाऱ्या बाईंच्या हाती मला देत ते म्हणाले, की एक बटण सैल झालंय, शिवून घ्या. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मुलगी म्हणाली, "बाबा, मला तुमची लाज वाटली म्हणून मी बोलले नाही. चुकलं माझं."

मॅडमनी नजर वळवली. शोभतो म्हणणाऱ्या त्याच होत्या.

काका दाराकडे वळले. मग म्हणाले, "शाल नीट घे. बाहेर गारठा आहे."

स्वतः ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होते.

मित्रांनो, माझी निगा राखायला इथे माणसं आहेत. मला रोज ब्रशने झाडतात, उन्हाळ्यात डांबरगोळ्या घालून ठेवतात. माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. फक्त तुमचं माणूस चारचौघांत चुकत असेल, तर हसू नका आणि गप्पही बसू नका. जवळ जाऊन हळूच सांगा. त्या संध्याकाळी माझी कॉलर सारखी काकांच्या कानाला लागत होती. पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.